उत्साह ओसरायच्या आत: वसंतात हिरव्या सवयी लावून घ्यायच्या तर

‘आरंभशूर’ हा शब्द बहुधा माझ्याकडे बघूनच कुणीतरी बनवला असावा. हवा जरा बदलली, खिडक्या दिवसभर उघड्या राहायला लागल्या की मला नव्यानं जगायची हुक्की येते. एका वसंतात मी एकाच रविवारी प्लास्टिक बंद, साखर बंद, गाडी बंद आणि पहाटे पाचला उठणं सुरू, असं सगळं एका दमात जाहीर केलं. घरच्यांनी नुसती मान डोलावली. त्यांना अनुभव होता. दुसऱ्या बुधवारी सकाळी सात वाजता मी अंथरुणातच होते आणि स्वयंपाकघरात ओल्या कचऱ्याच्या नव्याकोऱ्या बादलीतून पांढऱ्या अळ्या रांगेनं भिंतीवर चढत होत्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. त्यातल्या काही सवयी टिकल्या, काही सोडून दिल्या, आणि बादली अजून आहे. या खटाटोपात मला जे कळलं ते एवढंच: वसंतातला उत्साह खोटा नसतो, पण तो चार-सहा आठवड्यांचा पाहुणा असतो. तो घरात आहे तोवर त्याच्याकडून मांडामांडीची कामं उरकून घ्यायची. बादलीला भोकं पाडणं, पाचोळा भरून ठेवणं, बूट दाराशी आणून ठेवणं ही ती कामं. शपथा घेण्यात तो उधळला की पाहुणा गेल्यावर हाती काही उरत नाही.

हा उत्साह अभ्यासकांनाही दिसलेला आहे. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं आढळलं, की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष असा टप्पा लागला की लोकांचं जिमला जाणं आणि ‘डाएट’ हा शब्द गूगलवर शोधणं वाढतं, आणि टप्पा मागे पडत जातो तसं ते कमी होत जातं. म्हणजे आरंभशूर मी एकटी नाही. तारखेचा फार विचार करू नका. उत्तर गोलार्धात वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात तो वसंतातला दिवस, २० मार्चच्या आसपास येतो, दक्षिणेत २२-२३ सप्टेंबरला. तुमच्याकडे हवा बदलली की सुरू करा.

आधी हाताशी काय हवं

- वही आणि पेन्सिल. ॲप नको. फोन नोंद करायला उचलला जातो आणि वीस मिनिटांनी खाली ठेवला जातो.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा किंवा प्रवासाचं सामान तोलायचा लटकता काटा.
- झाकणाच्या दोन बादल्या, साधारण २० लिटरच्या. जुन्या असतील तर उत्तम.
- पोतंभर सुका पाचोळा. तो नसेल तर पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे, जुनी वर्तमानपत्रं.
- गेल्या बारा महिन्यांची विजेची आणि पाण्याची बिलं.
- तुमच्या पालिकेचं कचरा वर्गीकरणाचं पत्रक. प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या गावच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.
- घर भाड्याचं असेल तर गॅलरीत किंवा अंगणात बादली ठेवायला मालकाची लेखी परवानगी. दोन ओळींचा मेसेज पुरतो, पण आधी घ्या.
- हृदयाचा, सांध्यांचा, साखरेचा काही त्रास असेल तर अलीकडचे रिपोर्ट, आणि व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलणं.

या यादीत विकत आणायचं जवळजवळ काही नाही, हे लक्षात आलं असेल. ते मुद्दाम तसं ठेवलंय. कारण दुसऱ्या पायरीत येईल.

पायरी १: पहिला आठवडा काहीही बदलू नका

ही पायरी सगळ्यांना टाळावीशी वाटते. अंगात वारं भरलेलं असतं आणि मी सांगतेय की नुसतं लिहा. तरी सात दिवस एवढंच करा: ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा, रात्री दोन्हींचं वजन करा, वहीत लिहा. शेजारी त्या दिवशी किती चाललात आणि किती वाजता झोपलात तेही लिहा. काही सुधारायला जाऊ नका, नाहीतर वहीत तुमचं खरं घर उतरणार नाही, पाहुण्यांसाठी आवरलेलं घर उतरेल.

सातव्या दिवशी ओल्या कचऱ्याची पिशवी जुन्या वर्तमानपत्रावर ओता. हो, ओता. हातमोजे घाला आणि दोन ढीग करा: एकात साली, देठ, बिया, चोथा, दुसऱ्यात जे कधीतरी खाता आलं असतं ते. माझ्या पहिल्या आठवड्यात एकूण ६ किलो ४०० ग्रॅम भरलं आणि त्यातलं जवळपास दोन किलो दुसऱ्या ढिगात गेलं. पाव अर्धा कापलेला, वरून बुरशी. काळी पडलेली केळी. रबरबँड तसाच असलेली पालेभाजीची जुडी, आतून काळा चिकट लगदा झालेली. ती जुडी मी स्वतः निवडून, उलटून-पालटून बघून घेतली होती. आम्ही ‘आमच्याकडे अन्न वाया जात नाही’ असं म्हणणारं घर होतो.

तुमचा आकडा बघून फार ओशाळू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो पडतं, म्हणजे रोज २०० ग्रॅमहून थोडं जास्त. (या हिशेबात साली-देठांसारखा न खाल्ला जाणारा भागही धरलेला आहे.)

पायरी २: खरेदीवर कुलूप

नव्या सवयीच्या नावाखाली सगळ्यात आधी काय होतं? खरेदी. बांबूचा ब्रश, काचेच्या बरण्या, स्टीलच्या स्ट्रॉ, चालायचे नवे बूट, योगासनांची चटई. खरेदी झाली की काम झाल्यासारखं वाटतं, हाच तो सापळा. म्हणून पहिले सहा आठवडे नियम ठेवा: ‘हिरवं’ म्हणून काहीही नवं घ्यायचं नाही. घरात आहे ते झिजेपर्यंत वापरायचं. प्लास्टिकचे डबेसुद्धा. चांगला डबा फेकून काचेचा आणण्यात कचरा वाढतोच. फक्त प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका, ते ताटलीत काढून करा.

कापडी पिशवीचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अभ्यासात हिशेब मांडला होता, की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतका हवामानावरचा भार उतरवायचा तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला, विणायला जे लागतं त्याचा तो हिशेब. प्लास्टिक नदी-समुद्रात जाऊन जे करतं ते त्यात धरलेलं नाही, त्यामुळे कापडी पिशवी वाईट असा अर्थ काढू नका. एकच पिशवी झिजेपर्यंत वापरा, एवढाच तो निरोप आहे. मी हे वाचलं तेव्हा उठून कपाट उघडलं. अकरा कापडी पिशव्या निघाल्या. सहा कधीच न वापरलेल्या, दोनवर ‘पृथ्वी वाचवा’ छापलेलं. आता एक दाराच्या कडीला, एक गाडीत, एक ऑफिसच्या बॅगेत; बाकीच्या वाटून टाकल्या.

दुसरा सापळा ‘हवा शुद्ध करणाऱ्या’ कुंड्यांचा. नासाच्या १९८९ च्या प्रयोगाचा दाखला सगळीकडे देतात, पण तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. साध्या घरात खेळत्या हवेनं जेवढं होतं तेवढं झाडांकडून करवून घ्यायचं, तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. झाडं लावा, डोळ्यांना बरं वाटतं. हवेसाठी खिडकी उघडा. परागकणांची ॲलर्जी असेल तर मात्र फुलोऱ्याच्या दिवसांत खिडकी कधी उघडायची हे शिंकांच्या हिशेबानं ठरवा.

पायरी ३: फ्रिजमध्ये एक डबा, त्यावर दोन शब्द

अन्न वाया जाण्यामागे बहुतेक वेळा माजोरीपणा नसतो, विसर असतो. मागे गेलेलं दिसत नाही, दिसत नाही ते आठवत नाही. म्हणून डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात एक उघडा डबा ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहा: ‘आधी हे’. अर्धा कापलेला लिंबू, कालची उरलेली भाजी, उद्या-परवा संपवायलाच हवं असं दूध, सगळं त्यात. स्वयंपाकाला लागायच्या आधी त्या डब्यात बघायचं. आमच्याकडचा दुसरा ढीग दोन महिन्यांत दोन किलोवरून पाव किलोवर आला तो बहुतांश या डब्यामुळे. डबा आइस्क्रीमचा होता.

बाकी भराभर सांगते:

- फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा खाली, फ्रीझरचं उणे १८. दरवाज्याचा कप्पा सर्वांत गरम असतो, दूध तिथे ठेवू नका.
- सफरचंद, केळी, टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. दोघांना लांब ठेवा.
- पालेभाजी आणल्या आणल्या रबरबँड काढा, कोरड्या फडक्यात गुंडाळा. (ती जुडी मला अजून आठवते.)
- शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत पोटात.
- पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती चवीची, ताजेपणाची मुदत; त्यानंतर वास-रंग बघून ठरवता येतं. ‘यूज बाय’ असेल तर ती सुरक्षिततेची मुदत, तिथे प्रयोग नकोत.

पायरी ४: ओल्या कचऱ्याची बादली

इथे जरा बसून वाचा, कारण बहुतेकांचा उत्साह इथेच नासतो. माझा नासला होता, शब्दशः.

आधी हे कशाला करायचं ते. कचराभूमीवर अन्न ढिगाखाली दबतं, हवा लागत नाही, आणि हवेविना कुजताना मिथेन तयार होतो. २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. तेच अन्न हवा लागून कुजलं तर खत होतं. फरक हवेचा आहे, आणि पुढचं सगळं त्या हवेसाठीच.

बादलीची तयारी एका सकाळचं काम आहे. तळाला आणि बाजूंना, चार बोटं अंतर सोडून, पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. ड्रिल असेल तर दहा मिनिटं, नसेल तर खिळा चिमट्यात धरून तापवा आणि टोचा, पण उघड्यावर. जळत्या प्लास्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका. खाली दोन विटा आणि त्यांच्यामध्ये एक जुनी ताटली, गळणारं पाणी झेलायला. बादलीच्या तळाशी चार-पाच सेंटिमीटर बारीक काड्यांचा थर द्या, वर पाचोळ्याचा जाड थर, त्यावर मूठभर बागेतली माती. विरजण लावतो तसंच हे. त्या मातीतले जिवाणूच पुढचं काम करणार आहेत.

आता रोजचं काम. ओला कचरा टाकायचा आणि त्याच्या अंदाजे दुप्पट आकारमानाचा सुका पाचोळा वर पसरायचा, असा की खालचं काही दिसता कामा नये. दर तीन-चार दिवसांनी काठीनं किंवा खुरप्यानं खालवर करायचं. बस. जाणकार याला कार्बन (सुक्यात जास्त) आणि नायट्रोजन (ओल्यात जास्त) यांचं प्रमाण म्हणतात, २५-३० ला १ असं. आपल्याला मोजत बसायची गरज नाही. हातात घेऊन मुठीत दाबलं तर पिळलेल्या स्पंजासारखं लागलं पाहिजे: ओलं, पण बोटांतून पाणी टपकत नाही.

माझी चूक कुठे झाली होती? पाचोळा नव्हता. साली, चोथा, उरलेलं अन्न, सगळं झाकण घट्ट लावून आठ दिवस. ती बादली म्हणजे घरातली कचराभूमीच होती. म्हणून तुम्हाला सांगते, पाचोळ्याचं पोतं भरल्याशिवाय बादलीत पहिली साल टाकू नका. पानं कुठल्या ऋतूत गळतात हे ठिकाणानुसार बदलतं, पण गळतात तेव्हा ढीग फुकट मिळतो. तेव्हा वर्षभराचा साठा करा आणि पोतं बादलीच्या शेजारीच ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवलंत तर आळस जिंकतो. मी हेही करून पाहिलंय.

टाकू नये ते: मांस-मासे, दूधदुभतं, तेलकट अन्न, कुत्र्यामांजरांची विष्ठा, चकचकीत छपाईचा कागद. लहान बादलीत यांचा वास येतो, उंदीर येतात आणि रोगजंतू मरण्याइतकी उष्णताही तयार होत नाही.

बिघडलं तर नाकावर भरवसा ठेवा:

- *सडक्या अंड्यांचा वास:* फार ओलं झालंय, हवा नाही. पुठ्ठा फाडून घाला, खालवर करा, एक दिवस झाकण तिरकं ठेवा.
- *नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास:* ओलं जास्त, सुकं कमी. पाचोळा वाढवा.
- *मुंग्या:* फार कोरडं. पाणी शिंपडा.
- *चिलटं:* वरचा थर पातळ पडतोय. फळांच्या साली खाली पुरा, वर पाचोळा दाबून घाला.
- *अळ्या:* किंचाळू नका. बहुतेक वेळा त्या कचरा खाऊन आपलंच काम करत असतात. पण त्या बाहेर पडायला लागल्या तर आत ओल जास्त झाली असं समजा.
- *काहीच होत नाहीये:* एक तर कोरडं आहे, नाहीतर हवा गार आहे. थंडीत वेग मंदावतो, वाट बघा.

पहिली बादली भरली की तिला बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. भरलेली बादली उबदार हवेत तीन-चार महिन्यांत तयार होते, थंडीत सहा किंवा जास्त. तयार झाल्याची खूण: रंग काळपट, हाताला भुसभुशीत, आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. खात्री करायची तर मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवसांनी हुंगा. आंबूस वास आला तर अजून वेळ आहे. कुंडीसाठी एक भाग खताला तीन भाग माती. नुसत्या खतात रोप लावू नका.

जागा नाही, घरच्यांचा विरोध आहे, तर हट्ट करू नका. पालिका ओला कचरा वेगळा उचलत असेल तर तो नीट वेगळा करून देणं हेही पुरे आहे.

पायरी ५: पाय

१०,००० पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, ‘मानपो-केई’ नावाचं. त्याचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा तिथून जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तरुणांना हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण ‘दहा हजार जमणार नाहीत म्हणून शून्य’ हे गणित चुकीचं आहे एवढं नक्की.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं म्हणणं आहे, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटांच्या आतली हालचाल हिशेबात धरत नसत. आता तीही धरतात. जिना धरला, बसथांब्यापर्यंतची चाल धरली.

मांडामांड अशी: वहीतून तुमच्या नेहमीच्या दोन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या शोधा. त्यातली एक, फक्त एक, पायी करायची ठरवा. पंचवीस मिनिटं लागतात. गाडी थंड असताना इंजिन जास्त इंधन खातं, त्यामुळे नेमकी ही छोटी फेरीच सगळ्यात वाया जाणारी असते. बूट दाराशी, मोजे बुटात. आणि वेळेपेक्षा प्रसंगाशी गाठ मारा. ‘रोज साडेसहाला चालेन’ हे माझ्या बाबतीत चार दिवस टिकलं. ‘मुलाला शाळेत सोडलं की गाडीकडे न जाता पोस्टाच्या बाजूनं पायी’ हे अजून चालू आहे.

पायरी ६: उजेड आणि झोप

यावर फार लिहीत नाही. सकाळी उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात या. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा चहा-कॉफीचा कप दुपारीच आटपा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पहाटे पाचचा नाद सोडा. प्रौढाला सात तास तरी झोप लागते, आणि बारा वाजता झोपून पाचला उठणं हा पराक्रम नाही.

पायरी ७: साफसफाई आणि बिलं

वसंतात घरं धुऊन निघतात, म्हणून आधी धोक्याचं. ब्लीच कशातही मिसळू नका. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात दोन्ही जिवावर बेतू शकतात. ‘नैसर्गिक’ नुस्ख्यांतला एक लाडका नुस्खा म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटली भरून ठेवणं. फेस झकास येतो. पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते बहुतांश पाणी. सोडा घासायला, व्हिनेगर क्षारांचे डाग काढायला, असं वेगवेगळं वापरा.

बिलांसाठी एकच रात्र द्या. झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, रात्री पाणी वापरू नका, सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. पहिला संशयित फ्लशची टाकी: तिच्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलंय. आमच्याकडे उतरला होता, गडद लाल. दुरुस्तीला अर्धा तास लागला, आणि ती गळती किती वर्षांची होती देव जाणे.

कपड्यांचं यंत्र पूर्ण भरल्यावरच लावा, आणि गार पाण्यावर. गरम धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते.

पायरी ८: मोडेल तेव्हा

मोडणार. पाहुणे येतील, ताप येईल, पोतं रिकामं होईल. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे विसरून जा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपसूक होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

म्हणून एका वेळी एकच पायरी घ्या. पुढची दोन-तीन आठवड्यांनी, तीही मागची डोक्याला ताप न देता होत असेल तरच. प्रत्येकीची एक ‘आजारपणातली’ आवृत्ती आधीच ठरवून ठेवा: चालणं असेल तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, बादली असेल तर काही न टाकता नुसतं एकदा ढवळणं. घरच्यांना उपदेश करू नका. माझ्या मुलानं पहिले सहा महिने बादलीकडे ढुंकून पाहिलं नाही. सातव्या महिन्यात केळ्याची साल घेऊन ‘ही कुठे टाकायची’ म्हणून उभा राहिला.

दहाव्या आठवड्यात पहिल्या पायरीची ती सात दिवसांची नोंद पुन्हा करा, त्याच काट्यावर, त्याच वहीत, डाव्या पानावर जुनं आणि उजव्या पानावर नवं.

पहिली बादली चाळायची वेळ येईल तेव्हा वसंत केव्हाच उलटलेला असेल. चाळणीवर काड्या, आंब्या-पीचसारख्या फळांच्या कोयी आणि न कुजलेले पुठ्ठ्याचे तुकडे राहतील. ते पुढच्या बादलीत टाका. आणखी एक गोष्ट राहील, दर चाळणीला हमखास: फळांवरचे ते छोटे गोल स्टिकर. प्लास्टिकचे असतात, सहा महिने जमिनीत राहूनही त्यांच्यावरचे आकडे वाचता येतात. फळं आणली की ते आधी काढा. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवते. आता पुठ्ठ्याचा मूळ रंग दिसत नाही.